मधल्या दिवसांचा इतिहास: ट्राम, टॅक्सी आणि आजोबांची तेलकट वही

कानात हेडफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि लोकलच्या गर्दीत आवाज येत नाही म्हणून इथे वाचत बसलेल्यांना तर डबल नमस्कार. आजच्या भागात इतिहास आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून.

२०१९ चा पावसाळा. मी परळहून दादरला निघाले होते, स्कूटरवरून. हिंदमाताला पाणी साचलं होतं. आता हिंदमाताला पाणी साचणं ही काय बातमी आहे का? आम्ही लालबागकर लहानपणापासून ते बघत आलोय. मला वाटलं, निघेल गाडी. अर्ध्यात गेले आणि स्कूटर बंद पडली. पाणी पायाच्या फळीच्या वर आलेलं. मागून हॉर्न, वरून पाऊस. अशा वेळी माणूस काय करतो? मी सेल्फ मारला. मग परत मारला. आठ-दहा वेळा तरी मारला असेल. शेवटच्या वेळी आतून ‘टक्’ असा जाड आवाज आला आणि मग काहीच आवाज येईना.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक काकांनी इंजिन खोललं. ‘ताई, पाणी आत गेल्यावर सेल्फ का मारलात? नुसती ढकलत आणली असती तर काही झालं नसतं.’ कनेक्टिंग रॉड वाकला होता. बिल झालं अकरा हजार. माझा तेव्हाचा पगार सांगत नाही, पण अंदाज करा.

पैसे तर गेलेच, पण खरा धक्का नंतर बसला. त्याच आठवड्यात माळा आवरताना आजोबांची वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली, कडेला सुतळीने बांधलेली. आजोबा टॅक्सी चालवायचे. २०१७ मध्ये ते गेले. त्या वहीत २००५ च्या जुलैच्या पानावर एक ओळ होती आणि खाली दोन रेघा मारलेल्या: ‘पाणी गेलं तर चावी लावू नये. आधी तेल.’

म्हणजे मला जे कळायला अकरा हजार लागले, ते आमच्याच घरात, माझ्या डोक्यापासून चार फुटांवर, माळ्यावर चौदा वर्षं पडून होतं. ती वही वाचता वाचता मी या विषयात शिरले. आजचा भाग त्यातूनच आलाय.

पहिला दिवस, शेवटचा दिवस

मुंबईच्या वाहनांचा इतिहास तुम्ही कुठेही वाचा, तारखा ठरलेल्या असतात. घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ ला. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला. पहिली बस १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. जुन्या डिझेल डबलडेकरचा शेवटचा दिवस १५ सप्टेंबर २०२३. पद्मिनी टॅक्सीचा २९ ऑक्टोबर २०२३.

बघा, सगळे पहिले दिवस आणि शेवटचे दिवस. पहिल्या दिवशी पाहुणे येतात, फीत कापतात. शेवटच्या दिवशी लोक हार घालतात, सेल्फी काढतात, डोळे पुसतात. पण विजेची ट्राम १९०७ ते १९६४ म्हणजे जवळपास सत्तावन्न वर्षं धावली. मधल्या त्या वीस हजारांहून जास्त दिवसांचं काय? त्यातल्या प्रत्येक सकाळी ट्राम शेडमधून बाहेर पडत होती. आपोआप पडत होती का? कोणीतरी रात्री तिच्याखाली झोपून, कंदील नाहीतर दिवा धरून, काहीतरी घट्ट करत होतं, काहीतरी बदलत होतं, कुठेतरी तेल घालत होतं. त्याचं नाव कुठेच नाही. कारण साधं आहे. देखभाल नीट झाली की काहीच घडत नाही. गाडी बंद पडत नाही, अपघात होत नाही. आणि जे घडलंच नाही, त्याचा इतिहास कोण लिहिणार?

नऊशे घोडे आणि एक शहर

घोड्यांच्या ट्रामपासून सुरू करू. ट्राम म्हणजे रुळावरून चालणारा डबा, आणि त्याला ओढायला घोडे. १८७४ ला दोन मार्ग होते. एक कुलाबा ते पायधुनी, क्रॉफर्ड मार्केटवरून. दुसरा बोरीबंदर ते पायधुनी, काळबादेवीवरून. भाडं तीन आणे. ट्राम कंपनीच्या तबेल्यात तेव्हा नऊशे घोडे होते असं सांगितलं जातं.

आता विचार करा. नऊशे घोडे म्हणजे नऊशे इंजिनं, आणि ही इंजिनं रविवारीसुद्धा बंद करता येत नाहीत. चालोत नाहीतर उभी राहोत, खाणार ती खाणारच. चारा, पाणी, खरारा, नाल बदलणं, खुरं बघणं, आजारी घोडा वेगळा काढणं. मुंबईचा मे महिना घोड्याला सोसत नाही, म्हणून त्याला आराम द्यायचा, आलटूनपालटून जुंपायचं. ट्रामच्या धंद्यातला मोठा खर्च या देखभालीचा होता. आज आपण म्हणतो ना, ‘गाडी घेणं सोपं, पोसणं कठीण’? त्यातला ‘पोसणं’ हा शब्द मला इथूनच आल्यासारखा वाटतो. गाडी पोसायची असते, जनावरासारखी.

मग १९०७ ला वीज आली. घोडे गेले, पण पोसणं संपलं नाही. विजेच्या ट्रामची मोटर डब्याच्या खाली, रस्त्यापासून थोड्याच उंचीवर असते. म्हणजे मुंबईच्या पावसात पहिली तीच भिजणार. मोटरमधले कार्बनचे ब्रश झिजतात, ते बदलावे लागतात. जोरात ब्रेक मारला की लोखंडी चाक रुळावर घासत जातं आणि एका जागी चपटं होतं. मग ते चाक लेथवर चढवून परत गोल करायचं. रूळ रस्त्याच्या पातळीत बसवलेले, त्यांच्या खाचेत चिखल, पालापाचोळा, गवताच्या काड्या अडकायच्या. ती खाचसुद्धा साफ ठेवायची. ट्राम एकटी कधीच नसते. तिच्याबरोबर रूळ, वरची तार आणि खालचा रस्ता सगळंच सांभाळावं लागतं.

ट्राम गेली, तरी आपण अजून ‘दादर टीटी’ म्हणतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे शेअर टॅक्सीत बसलेल्या दहातल्या किती जणांना माहीत असेल? ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, पण पत्ता सांगताना ती अजून येते.

परळचा कारखाना आणि रविवारचा मेगाब्लॉक

आता थोडं लाइनीच्या बाजूला येऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण त्या इंजिनांची दुरुस्ती कुठे व्हायची, हे कुठल्या परीक्षेत विचारलं नाही. आधी भायखळ्याला. मग काम वाढलं, जागा पुरेना, म्हणून १८७९ मध्ये परळला कारखाना उभा राहिला. आज आपण ज्याला परळ वर्कशॉप म्हणतो, तो हाच. मग १९१५ मध्ये माटुंग्याचा कारखाना आला, डब्यांसाठी.

वाफेच्या इंजिनाची एक गंमत सांगते. पाणी उकळून वाफ करायची म्हटल्यावर पाण्यातला क्षार बॉयलरच्या आत चिकटणार. तुमच्या घरच्या गिझरमध्ये किंवा चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो ना, तसाच. तो साठला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, कोळसा जास्त जळतो, पत्रा नको तितका तापतो आणि धोका वाढतो. म्हणून ठरलेल्या दिवसांनी इंजिन थंड करायचं, बॉयलर रिकामा करायचा आणि आतून धुऊन काढायचा. इंजिन उत्तम चालत असलं तरी धुवायचं.

इथेच रेल्वेने एक मोठी गोष्ट शिकवली. बिघडल्यावर दुरुस्त करणं वेगळं, आणि बिघडण्याआधी, कॅलेंडर बघून काम करणं वेगळं. रेल्वेत याला आजही पीओएच म्हणतात, म्हणजे ठरावीक मुदतीने डबा किंवा इंजिन पूर्ण खोलून तपासणं. गाडी तक्रार करतेय की नाही, हे कोणी विचारत नाही. तारीख आली की गाडी आत.

आणि रविवारचा मेगाब्लॉक? आपण सगळे त्याला शिव्या घालतो. मीही घालते. पण आठवड्यातले सहा दिवस ज्या रुळांवरून इतक्या गाड्या जातात, त्यांना हात लावायला कधी वेळ मिळणार? मेगाब्लॉक म्हणजे भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होणारी देखभाल. ट्रामचा फिटर रात्री काम करायचा म्हणून कोणाला दिसला नाही. हा दिसतो, म्हणून शिव्या खातो.

साच्यापासून स्टिअरिंगपर्यंत

आता वहीकडे येते.

माझे आजोबा मूळचे सिंधुदुर्गातले. १९६१ च्या सुमारास मुंबईला आले आणि गिरणीत लागले, साचेखात्यात. साचा म्हणजे माग, कापड विणायचं यंत्र. तिथे तेल घालायचं एक शास्त्र होतं. कमी घातलं तर लोखंड लोखंडाला खातं. जास्त घातलं तर थेंब उडून कापडावर डाग पडतो, आणि डाग पडला की माल नापास. म्हणजे तेल कुठे, किती आणि कधी, हे हाताला माहीत असावं लागायचं. आजोबा वीस वर्षं हे शिकले.

१८ जानेवारी १९८२. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप कामगारांच्या बाजूने कधी मिटलाच नाही. कितीतरी गिरण्या परत पूर्वीसारख्या सुरूच झाल्या नाहीत. लालबाग-परळमधल्या घराघरांत काय झालं, ते सांगायला एक भाग पुरणार नाही. कोणी गावी गेलं, कोणी भाजी विकली, घरातल्या बायकांनी खानावळी चालवल्या. आमच्या आजोबांनी बॅज काढला आणि दुसऱ्याची टॅक्सी रात्रपाळीला चालवायला घेतली. काही वर्षांनी कर्ज काढून एक जुनी पद्मिनी स्वतःची केली. १९८३ ची गाडी.

पद्मिनी म्हणजे काय, हे ज्यांनी फक्त सिनेमात बघितलंय त्यांच्यासाठी: मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. इंजिन १०८९ सीसीचं. गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या बाजूला. पॉवर स्टिअरिंग नाही, कॉम्प्युटर नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. काळं अंग, पिवळं डोकं. आणि एक महत्त्वाची गोष्ट, पाना आणि स्क्रूड्रायव्हर हातात असलेल्या माणसाला ती जवळपास सगळी कळायची. काही लागलं तर गिरगावात ऑपेरा हाऊसच्या आसपास सुट्या भागांची दुकानं. आजोबांचा तिकडे महिन्यातून एक फेरा ठरलेला.

तर, संपात नोकरी गेली, पण हाताची सवय गेली नाही. साच्याला जसं तेल, तसं टॅक्सीला. वहीची पहिली पानं वाचली तर वाटतं, गिरणीच्या खात्यातली नोंदवहीच आहे. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. रोजचं वेगळं, आठवड्याचं वेगळं, महिन्याचं वेगळं.

रोज सकाळी, गाडी थंड असताना: रेडिएटरचं पाणी, इंजिन ऑइलची काडी, फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून बघणं, चारही टायरांना हात लावणं, गाडीखाली रात्रीतून काही गळलंय का ते वाकून बघणं. एवढंच. पाच मिनिटांचं काम.

आठवड्याला: बॅटरीतलं पाणी, ब्रेक ऑइल, टायरची हवा. आणि गाडी खालून धुणं. हे ‘खालून’ फार महत्त्वाचं, कारण मुंबईची हवा खारी. गिरगाव चौपाटीवरून, वरळीच्या समुद्राकाठून रोज जाणाऱ्या गाडीच्या पोटाला मीठ चिकटतं आणि पत्रा आतून सडतो. वरून गाडी चकचकीत, आणि एक दिवस पाय ठेवला की खालचा पत्रा हातात. आजोबा गोड्या पाण्याने खालून धुवायचे, मग वर.

महिन्याला: ग्रीस. पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस दिलं नाही तर स्टिअरिंग जड होतं. पॉइंट साफ करणं. आताच्या मुलांना पॉइंट माहीत नसतील. स्पार्क प्लगला ठिणगी वेळेवर मिळावी म्हणून डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटे धातूचे ठिपके उघडमीट करायचे. ते काळे पडले की गाडी अडखळायची, पेट्रोल जास्त प्यायची.

आणि मे महिन्याच्या शेवटी एक वेगळं पान: ‘पावसाच्या आधी’. वायपरचं रबर, ब्रेकचे लायनर, टायरची नक्षी, दाराची रबरं, डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिक. वही दरवर्षी तेच सांगते. गावी पावसाआधी घर शाकारतात ना, तशी आजोबा टॅक्सी शाकारायचे.

मी लहानपणी विचारायचे, ‘आजोबा, गाडी तर चालतेय, मग रोज काय बघता?’ ते म्हणायचे, ‘गाडी बोलता गो. आयकणारो होयो.’ म्हणजे गाडी बोलते, ऐकणारा हवा. मला तेव्हा ते म्हातारपणीचं बोलणं वाटायचं.

२६ जुलै

२६ जुलै २००५. मी आठ वर्षांची होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास. एकाच शहरात! त्यामुळे दक्षिण मुंबईतून दुपारी निघालेल्या माणसाला पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाजच आला नाही. आजोबांनाही आला नाही. फोर्टमधून भाडं घेऊन ते कुर्ल्याकडे गेले आणि अडकले. पाणी सीटपर्यंत आलं. गाडी तिथेच सोडून, प्रवाशाला हाताला धरून बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत घरी आले. आजी दारात बसून होती. त्या रात्रीचं घर मला अजून आठवतं, कोणीच काही बोलत नव्हतं.

पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती गाड्या उभ्या होत्या, आणि मालक येऊन पहिलं काय करत होते? चावी फिरवत होते. साहजिक आहे. आपली गाडी चालू होतेय का, हे कोणाला बघावंसं वाटणार नाही?

आता हे नीट ऐका, कारण यातच ‘टक्’चं उत्तर आहे. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा तो हवा दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना तुम्ही स्टार्टर मारलात, तर पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि मध्ये जो दांडा आहे, कनेक्टिंग रॉड, तो वाकतो. वर, तेलात पाणी मिसळलं असेल तर ते तेल वंगण उरत नाही. म्हणजे गाडी बुडल्यामुळे नाही मरत. बऱ्याचदा ती बुडल्यानंतर चावी फिरवल्यामुळे मरते.

आजोबांनी चावीला हात लावला नाही. बॅटरीची वायर काढली. टॅक्सी दोरीने ओढून लालबागला आणली. चारही प्लग काढले. जुनं तेल खाली सोडलं. वहीत लिहिलंय, ‘तेल दुधाच्या चहासारखं.’ मग प्लग नसतानाच गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून गल्लीतल्या पोरांकडून ढकलली. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. हे मी स्वतः बघितलंय, आम्ही पोरं टाळ्या वाजवत होतो. मग नवीन तेल, गिअरबॉक्सचं तेल, डिफरन्शियलचं तेल, ब्रेकचे ड्रम उघडून साफ. सीट चाळीच्या गच्चीवर वाळत. आठव्या दिवशी गाडी सुरू झाली.

त्या आठ दिवसांत धंदा शून्य होता. आजी म्हणत होती, एकदा चालू करून तरी बघा. ते थांबले. त्या थांबण्यातून पुढची तीन वर्षं आमचं घर चाललं, बाबांची नोकरी लागेपर्यंत. मी हे फुगवून सांगत नाहीये. वहीत शेवटच्या रकान्यात रोजची कमाई आहे.

मग काय बदललं?

सरकारने २००८ मध्ये पंचवीस वर्षांवरच्या टॅक्सी बंद केल्या. आमची १९८३ ची. ती गेली. २०१३ मध्ये मर्यादा वीस वर्षांवर आली. पद्मिनीचं उत्पादन तर २००० च्या सुमारास थांबलंच होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली, म्हणून बरोबर वीस वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०२३ ला, तिची मुदत संपली.

मर्यादा चूक होती असं मी म्हणत नाही. जुन्या गाडीचा धूर आपणच खातो. सगळेच टॅक्सीवाले आजोबांसारखे नव्हते, पत्र्याला भोकं पडलेल्या टॅक्सीत मीही बसलेय. कायदा गाडीचं वय मोजतो, कारण वय मोजायला सोपं असतं. तिची काळजी किती घेतली, हे मोजायला फिटनेसची तपासणी असते. व्यावसायिक गाडीला ती आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी करावी लागते. पण उरलेल्या ३६४ दिवसांचं काय? तिथे वहीच लागते.

बसचंही बघा. ७ ऑगस्ट १९४७ ला बेस्ट महापालिकेकडे आली. तेव्हापासून अनेक दशकं बस बेस्टची, ड्रायव्हर बेस्टचा, आगारात रात्री तिच्याखाली शिरणारा फिटरही बेस्टचा. गेल्या काही वर्षांत भाडेतत्त्वावरच्या बस आल्या. बस ठेकेदाराची, देखभालही त्याचीच, बेस्ट किलोमीटरप्रमाणे पैसे देणार. फेब्रुवारी २०२३ मध्ये बसना आगी लागण्याच्या घटना घडल्या, तेव्हा एका ठेकेदाराच्या ४०० बस काही काळ रस्त्यावरून काढाव्या लागल्या. त्या दिवसांत बसस्टॉपवर तासतासभर उभे राहिलेले लोक मला आठवतात. देखभाल हा शब्द तेव्हा बातम्यांत आला. एरवी येत नाही.

मला यातून एवढंच दिसतं. गाडी ज्याच्या नावावर असते आणि तिच्याखाली जो शिरतो, त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं की वही कोणाकडेच राहत नाही. आजोबांची गोष्ट सोपी होती. मालक तेच, ड्रायव्हर तेच, फिटरही तेच. अंतर शून्य. माझं बघा. स्कूटर माझी, चालवते मी, पण तिच्यात तेल कधी बदललं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते सर्व्हिस सेंटरला माहीत असेल, असं मी धरून चालले होते.

खंडेनवमी

आपल्याकडे खरं तर यासाठी एक दिवस राखून ठेवलेला आहे. खंडेनवमी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. शस्त्रं, अवजारं, यंत्रं यांची पूजा. गिरण्यांमध्ये साचे धुऊनपुसून, हार घालून पूजले जायचे. आजही दादरच्या फूलबाजारातून झेंडूची पोती निघतात आणि दसऱ्याला परळच्या रस्त्यावर रिक्षा सोडून सगळी वाहनं हार घालून उभी असतात (रिक्षा नाही, कारण त्या शहरात येतच नाहीत, हे बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी).

पण पूजेच्या आधी काय करतात? धुतात. पुसतात. तेल घालतात. मला वाटतं मूळ काम ते आहे, हार नंतरचा. आपण हार ठेवला आणि धुणं सोडून दिलं.

आता मी काय करते ते सांगते, उपदेश म्हणून नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी, मेगाब्लॉकच्या दिवशीच, अर्धा तास. तेलाची काडी पुसून, परत घालून बघते. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, कारण टायर तापला की आकडा जास्त दाखवतो. ब्रेक दाबून लिव्हर किती आत जातं ते बघते. दिवे, इंडिकेटर. मे संपता संपता टायरची नक्षी आणि ब्रेक शू. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ नाही, ढकलत बाहेर. हे सगळं मोबाइलवर लिहून ठेवता येतं, त्यासाठी ॲपही आहेत. मी मात्र आजोबांच्या वहीतली उरलेली पानं वापरते. त्यांची शेवटची नोंद २००८ ची आहे: ‘आज गाडी दिली.’ पुढचं पान कोरं. त्याच्या पुढच्या पानावर माझी पहिली नोंद आहे, २०१९ ची: ‘इंजिन उघडलं. चूक माझी.’

गेल्या महिन्यात ते पान भरलं. त्यावर एकही मोठी दुरुस्ती नाही. सगळं किरकोळ. तेल, हवा, एक इंडिकेटरचा बल्ब. वाचायला अगदी कंटाळवाणं पान आहे. पण मी ते वाचत बसले होते खरी.

तुमच्या घरात अशी एखादी वही असेल, ट्रामच्या, बसच्या, टॅक्सीच्या, रेल्वेच्या कारखान्यातल्या माणसाची, तर माळ्यावरून खाली काढा. आणि तो माणूस अजून असेल तर आधी त्याला विचारा. चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, जाता जाता, तेलाची काडी बघून घ्या.